शाळेचा रंगमंच आणि शाळेची मतपेटी

विद्यार्थ्यांचे नाटक आणि विद्यार्थ्यांची निवडणूक या शालेय जीवनातील दोन निराळ्या गोष्टी मानल्या जातात. एक स्नेहसंमेलनाची हौस, तर दुसरी नागरिकशास्त्राचे प्रात्यक्षिक. आमच्या मते दोहोंची कसोटी एकच आहे: मुलाच्या तोंडचा शब्द त्याचा स्वतःचा आहे काय? नांदेड-लातूरकडे पाहताना हा प्रश्न अधिकच टोचतो.

हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. तेथे जाहीर सभेला परवानगी लागे, आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीसाठी १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसला सत्याग्रह करावा लागला. जेथे बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क असा झगडून मिळाला, तेथील शाळांत तो केवळ शोभेपुरता उरावा, हे खेदजनक आहे.

आता अनेक शाळांत मंत्रिमंडळाची निवडणूक थाटात होते. बोटाला शाई लागते, मोबाइलचे मतदान यंत्र होते, मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री शपथ घेतात. देखावा हुबेहूब असतो. मात्र शपथेनंतर या मंत्र्यांनी ठरवावे असे काय असते? खिचडीची चव, पाण्याची टाकी, खेळाचा तास यांविषयी त्यांचे मत क्वचितच विचारले जाते. उमेदवारही बहुधा गुरुजींनी सुचविलेला, वर्गात पहिला येणारा असतो.

गुणांनी मताची जागा घ्यावी, ही रीत केवळ शाळांची नव्हे. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका थांबल्या आणि वर्गप्रतिनिधी गुणवत्तेवर ठरू लागला. त्यामागे निवडणुकांतील हिंसेचा कटू अनुभव होता, हे आम्ही नाकारीत नाही. त्याच वर्षी नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले. त्याला नाव लाभले ते हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे. हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. २०१६ च्या कायद्याने मतदानाची तरतूद पुन्हा आणली. तथापि मधल्या काळात घडलेली सवय कायद्याच्या एका कलमाने मोडत नसते.

नाटकाचे दुखणे हेच आहे. संहिता शिक्षकांची, बोध आधीच ठरलेला, आणि मुख्य भूमिका पाठांतर चोख असलेल्या मुलाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. या विषयावरील शालेय नाटक 'पाणी वाचवा' या घोषणेपाशी थांबले, तर ते रचनेच्या दृष्टीनेही अपुरेच ठरेल. घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली मुलगी वाचवणार काय? पाणी कोणाला आधी मिळाले आणि का, हे तिने रंगमंचावर विचारले, तरच संघर्ष निर्माण होईल. संघर्षावाचून नाटक नाही. उरते ते संवादांत विभागलेले भाषण.

याचे उत्तम उदाहरण मराठवाड्यातच आहे. नांदेडचे नाटककार दत्ता भगत यांच्या 'वाटा-पळवाटा' या नाटकात काका, प्राध्यापक सतीश आणि तरुण अर्जुन हे तिघे दलित चळवळीचे तीन निराळे मार्ग मांडतात. नाटककार त्यांतील कोणालाही बुजगावणे करीत नाही. प्रत्येकाच्या बोलण्यात वजन आहे, म्हणूनच प्रेक्षकाला स्वतः निवाडा करावा लागतो. हे नाटक शाळकरी मुलांनी करावे असे आमचे म्हणणे नाही. त्यातील न्यायबुद्धी मात्र शालेय संहितेतही यावयास हवी.

'लातूर पॅटर्न'च्या सराव परीक्षांतून तालमीला वेळ कोठून काढावा, असे पालक विचारतील. त्या पद्धतीने अनेक सामान्य घरांतील मुलांना डॉक्टर-अभियंता होण्याची वाट दाखविली, तिचे मोल आम्ही जाणतो. परंतु सराव परीक्षेत उत्तर आधीच ठरलेले असते. समोरच्याचे म्हणणे ऐकून आपले मत बदलणे, हरल्यावर जिंकणाऱ्याबरोबर काम करणे, याचा सराव तालमीत आणि निवडणुकीतच होतो.

तेव्हा संमेलनाला जाताना पालकांनी 'बाळाला सगळे पाठ होते का?' एवढेच पाहू नये. त्याने एखादे वाक्य स्वतः लिहिले काय, आणि निवडून आलेल्या मंत्र्याचा एखादा निर्णय मुख्याध्यापकांनी मानला काय, हेही विचारावे. या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येतील, त्या शाळेतील नाटक नेपथ्याअभावीही आम्ही यशस्वी मानू.