'अलीजन्स': ड्रॅगनवाहू जहाजाची रचना आणि सत्तेचा आराखडा

अद्भुतिकेच्या समीक्षेत वस्तुरचनेला सहसा दुय्यम स्थान मिळते. कथानक, पात्रे आणि प्रतीके यांचा अन्वय लावून झाला, की किल्ले, शस्त्रे, जहाजे हा तपशील हौशी वाचकाच्या कुतूहलावर सोपविला जातो. ही विभागणी टिकणारी नाही. कल्पित सृष्टीतील वस्तू कशी घडविली आहे, यावरूनच त्या सृष्टीतील सत्तासंबंध उलगडतात. नेओमी नोविक या अमेरिकन लेखिकेच्या नऊ कादंबऱ्यांच्या 'टेमरेअर' मालिकेतील (२००६–२०१६) ड्रॅगनवाहू जहाज या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

नेपोलियनकालीन युद्धांत ड्रॅगनांचे वायुदल असते तर, या गृहीतकावर ही मालिका उभी आहे. ड्रॅगन उडतो, पण महासागर एका उड्डाणात ओलांडू शकत नाही. म्हणून त्याला जहाज लागते. 'थ्रोन ऑफ जेड' (२००६) या कादंबरीत इंग्लंडहून चीनकडे निघालेले 'अलीजन्स' हे जहाज चारशे फुटांहून किंचित अधिक लांब आहे. पुढच्या डोलकाठीपासून नाळेपर्यंत त्याचा डेक पंख्यासारखा रुंदावतो आणि त्याखाली बांधा झपाट्याने निमुळता होतो. शिडे व दोरखंड यांच्या गर्दीत पंख मिटून बसणे ड्रॅगनाला अशक्य. तुलनेने मोकळी जागा नाळेकडेच मिळते. परंतु पुढच्या टोकावरील कित्येक टनांचा हा भार पेलायचा, तर जहाजाची लांबी वाढवावी लागते.

येथेच लाकूड अपुरे पडते. १७६५ साली पाण्यात उतरलेल्या 'व्हिक्टरी' या ब्रिटिश युद्धनौकेचा मुख्य तोफमजला १८६ फूट लांब होता. लाकडी बांधा फार लांबविला, की लाटेवर मध्यभाग उचलला जातो आणि दोन्ही टोके खचतात. नोविक यांनी यावर पोलादी कण्याचा उपाय योजला आहे. वास्तवात बेसेमरच्या १८५६ मधील प्रक्रियेनंतरच पोलाद विपुल व स्वस्त होऊ लागले. या कालविपर्यासाला केवळ चूक म्हणणे पुरेसे नाही. साम्राज्याला ड्रॅगन दूरवर न्यायचा आहे, म्हणून इतिहासाचे पोलाद अर्धशतक अगोदर ओतले जाते. कल्पिताने घेतलेली ही सूट साम्राज्याच्या गरजेतून आलेली आहे.

या आराखड्याचा नैतिक अर्थ केप कोस्ट येथील प्रसंगात स्पष्ट होतो. गुलामांना जहाजावर चढविले जात असलेले पाहून टेमरेअर त्यांच्या स्थितीशी ड्रॅगनांच्या स्थितीची तुलना करू लागतो, आणि कप्तान लॉरेन्सला समाधानकारक उत्तर सापडत नाही. या प्रसंगाशेजारी एक खरा आराखडा ठेवून पाहावा. १७८८ मध्ये गुलामगिरीविरोधकांनी 'ब्रुक्स' या गुलामवाहू जहाजाचे चित्र छापले. त्यात माणसे खेटून मांडलेली आहेत. माणूस मापात बसतो, म्हणून तो तळघरात रचला जातो. ड्रॅगन मापात बसत नाही, म्हणून त्याला उघडा डेक मिळतो. टेमरेअरची जहाजावरील प्रतिष्ठा अशा रीतीने त्याच्या हक्कातून नव्हे, तर त्याच्या आकारातून निर्माण झालेली आहे. मालिकेच्या औदार्याची मर्यादा येथेच दिसते.

चीनमध्ये पोहोचल्यावर हा भेद उघड होतो. तेथील रस्ते आणि मंडप ड्रॅगनांना नागरिक मानून बांधलेले आहेत. 'अलीजन्स'ने मात्र भाराला जागा करून दिली आहे. जहाजाच्या नावाचा अर्थ 'निष्ठा' असा आहे, हेही अर्थपूर्ण ठरते. 'एम्पायर ऑफ आयव्हरी'मध्ये (२००७) राजद्रोह पत्करणाऱ्या लॉरेन्स व टेमरेअर यांना 'टंग्ज ऑफ सर्पंट्स'मध्ये (२०१०) हेच जहाज न्यू साउथ वेल्सच्या बंदिवसाहतीत नेते. शिष्टमंडळ असो वा शिक्षा, आराखडा तोच राहतो. 'क्रूसिबल ऑफ गोल्ड'मध्ये (२०१२) जहाज शत्रूच्या तोफांनी बुडत नाही. त्याच्यावरच लागलेल्या आगीत ते नष्ट होते.

डार्को सुविन यांनी १९७९ मध्ये बोधनिष्ठ अपरिचितीकरण हे विज्ञानकथेचे लक्षण ठरविताना अद्भुतिकेला त्याबाहेर ठेवले. 'अलीजन्स'चे वाचन या सीमारेषेविषयी शंका निर्माण करते. येथे बोध ड्रॅगनाच्या अस्तित्वातून येत नाही. त्याला कोठे बसवायचे, या सुतारकामाच्या प्रश्नातून येतो. अद्भुताची चिकित्सा म्हणूनच चमत्कारापाशी न थांबता त्या चमत्काराला पेलणाऱ्या तुळयांपर्यंत गेली पाहिजे.