चौकातून किती दिसतं? : 'द स्क्वेअर' आणि इजिप्तमधला धर्म

अरब जगातल्या २०११ च्या उठावांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, 'तरुणांनी क्रांती केली.' दुसरं, 'धर्मवाल्यांनी ती पळवली.' इजिप्तच्या बाबतीत ही वाक्यं तपासून बघायची असतील, तर जेहान नुजैम यांचा 'द स्क्वेअर' हा २०१३ चा माहितीपट फार उपयोगी आहे. तो दुसऱ्या वाक्याला छेद देतो, आणि शेवटाकडे येताना नकळत त्याचीच री ओढतो. आज बोलायचंय ते यावर.

आधी घटनाक्रम थोडक्यात सांगतो. २५ जानेवारी २०११ ला निदर्शनं सुरू झाली. कैरोतला तहरीर चौक माणसांनी भरून गेला. अठरा दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, जवळजवळ तीस वर्षं सत्तेवर असलेले होस्नी मुबारक पायउतार झाले. सत्ता मात्र लष्करी मंडळाच्या हातात गेली. माहितीपट या चौकातल्या काही माणसांच्या मागे राहतो. त्यात अहमद हसन हा तरुण आहे, खालिद अब्दल्ला हा नट आहे, आणि मुस्लिम ब्रदरहूडचा सदस्य मगदी अशूर आहे. मुबारकच्या काळात या मगदीने तुरुंग आणि छळ दोन्ही सोसलेलं आहे.

माझ्या मते या माहितीपटाचा जीव मगदीत आहे. का? तर श्रद्धा आणि संघटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो न सांगता दाखवतो. नोव्हेंबर २०११ मध्ये तहरीरलगतच्या मोहम्मद महमूद रस्त्यावर पोलिसांशी लढताना चाळीसहून जास्त माणसं मेली. निवडणुका तोंडावर होत्या, म्हणून ब्रदरहूड लांब राहिलं. आता मगदीने काय करायचं? एकीकडे संघटनेचा आदेश, दुसरीकडे चौकातले मित्र. ही ओढाताण त्याच्या चेहऱ्यावर वाचता येते. 'धर्मवाले' असा सरसकट शब्द वापरणाऱ्याने मगदीची दृश्यं दोनदा बघावीत.

पण कॅमेरा चौक सोडत नाही, आणि इथे अडचण सुरू होते. २०११-१२ च्या संसदीय निवडणुकीत ब्रदरहूडचा पक्ष आणि सलफींचा नूर पक्ष, दोघांना मिळून दोन तृतीयांशाहून जास्त जागा मिळाल्या. ही मतं कुठून आली? चौकातून तर नाही. ब्रदरहूडची स्थापना १९२८ ची. बंदी असतानाही त्यांचे दवाखाने, मदतकार्य आणि मोहल्ल्यातली ओळखपाळख टिकून होती. मुबारकनी विरोधी पक्ष आणि कामगार संघटना वाढूच दिल्या नाहीत. मशिदीला मात्र कुलूप लावता येत नव्हतं. म्हणजे बघा, ज्या हुकूमशाहीने राजकारणाची बाकी सगळी दारं लावली, तिनेच धर्माच्या दाराशी गर्दी केली. हे माहितीपटात कुठेच येत नाही. त्यामुळे ब्रदरहूडचा विजय प्रेक्षकाला नुसता दगाफटका वाटतो.

दगा झालाच नाही, असं मी म्हणत नाही. जून २०१२ मध्ये निवडून आलेल्या मोहम्मद मोर्सींनी नोव्हेंबरात फर्मान काढलं आणि आपले निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेले. लोक चिडले ते रास्तच होतं. गंमत अशी की माहितीपटाची पहिली आवृत्ती मोर्सींच्या निवडीपाशी संपत होती. जानेवारी २०१३ मध्ये सनडान्स महोत्सवात तिला प्रेक्षकांचा पुरस्कारही मिळाला. पण कैरोत लोक पुन्हा रस्त्यावर उतरले, आणि नुजैम यांनी पुन्हा चित्रण करून शेवट बदलला. पुरस्कार हातात असताना असं करायला धाडस लागतं, त्याची दाद दिलीच पाहिजे.

मात्र माझा मुख्य आक्षेप या नव्या शेवटाबद्दलच आहे. ३ जुलै २०१३ ला जनरल सिसींनी मोर्सींना हटवल्याचं टीव्हीवर जाहीर केलं. त्या वेळी सोबत कोण बसलं होतं? अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यिब, कॉप्टिक ख्रिश्चनांचे पोप तावाद्रोस दुसरे, आणि नूर पक्षाचा प्रतिनिधी! सुन्नी जगातलं सर्वांत मानाचं विद्यापीठ, देशातलं सर्वांत मोठं चर्च आणि कडवे सलफी, तिघेही लष्कराच्या बाजूला. मग धर्म हरला आणि इहवाद जिंकला, असं कसं म्हणायचं? धर्म दोन्ही बाजूंना होता. पण सत्तेशेजारी बसलेला धर्म आपल्याला सभ्य वाटतो, म्हणून तो नजरेत भरत नाही. या प्रश्नाला माहितीपट हात घालत नाही.

आणि हे न दिसण्याची किंमत माणसांनी मोजली. १४ ऑगस्टला मोर्सीसमर्थकांचं रबा अल-अदविया इथलं ठाण मोडताना एका दिवसात किमान ८१७ माणसं मारली गेली, असं ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवलंय. पाठोपाठ देशभरात डझनावारी चर्चेसवर हल्ले झाले. याच लष्कराच्या गाड्यांनी ऑक्टोबर २०११ मध्ये मास्पेरो इथे कॉप्टिक निदर्शकांना चिरडलं होतं. ती भीषण रात्र माहितीपटात आहे. २०११ च्या लष्कराकडे तो डोळे वटारून बघतो. २०१३ च्या लष्कराकडे बघताना त्याची नजर मवाळ होते, आणि रबाला फार थोडी जागा मिळते. अहमदला तिथे बसलेल्या मगदीची काळजी वाटते, हे त्या माणसाचं मोठेपण. ती काळजी माहितीपटाच्या मांडणीत उतरायला हवी होती.

तरीही हा माहितीपट बघा, असंच मी सांगेन. बघताना एक साधा प्रश्न जवळ ठेवा. समोर जो कुणी धर्माचं नाव घेतोय, त्याच्या शेजारी बंदूक आहे, की त्याच्यावर रोखलेली आहे? इजिप्तमध्ये त्या अडीच वर्षांत याचं उत्तर अनेकदा बदललं. आणि दर वेळी दोन्हीकडे प्रार्थना चालूच होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.