सहावे कोंदण

टीकाकाराने कशावर लिहावे आणि कशावर लिहू नये, याचे सोवळे आपल्याकडे अजून बऱ्यापैकी कडक आहे. कादंबरी, नाटक, कविता, फार तर चित्रपट. त्यापलीकडचे सगळे ओवळे. तेव्हा संगणकावर खेळायच्या एका खेळाचे परीक्षण ऐन दिवाळी अंकात पाहून काही वाचकांच्या भुवया वर चढतील, हे मी धरूनच चाललो आहे. परंतु ज्या कृतीत असंख्य माणसे वर्षानुवर्षे रमली, जी बंद पडली तेव्हा त्यांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले आणि जी त्यांनी खटपट करून पुन्हा उभी केली, तिची बांधणी तपासणे हे टीकेचेच काम आहे. शिवाय या खेळांवरून घरोघर एक वाद चालतो. पोर पडद्यासमोर बसून तासन्‌तास टक्केवारी जुळवत असते, आणि वडील विचारतात, हा खेळ आहे की खतावणी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर खेळातच शोधले पाहिजे.

'सिटी ऑफ हीरोज' हा तो खेळ. क्रिप्टिक स्टुडिओज या अमेरिकन संस्थेने तो घडवला आणि एनसीसॉफ्टने २८ एप्रिल २००४ रोजी प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात 'पॅरागॉन सिटी' नावाचे एक काल्पनिक शहर आहे, आणि जगभरचे खेळाडू एकाच वेळी त्याच्या रस्त्यांवरून वावरत असतात. प्रत्येकाने आपला वीर आपणच घडवायचा. त्याचे नाव, त्याचा पोशाख, त्याच्या सामर्थ्याचा उगम (जादू, विज्ञान, यंत्र, उत्परिवर्तन की निव्वळ मेहनत) आणि त्याचे काम. पुढे उभा राहून मार झेलणारा तो टँकर, दुरून आघात करणारा ब्लास्टर, सोबत्यांना सावरून धरणारा डिफेंडर. पहिल्या पातळीपासून पन्नासाव्या पातळीपर्यंत वीर चढत जातो आणि वाटेत एकूण चोवीस शक्ती निवडतो.

इथवर हा खेळ इतर खेळांसारखाच आहे. त्याचे वेगळेपण शक्ती निवडल्यानंतर सुरू होते. प्रत्येक शक्तीबरोबर एक रिकामी जागा मिळते. खेळाडू तिला 'स्लॉट' म्हणतात. मी कोंदण म्हणेन, कारण तिच्यात वर्धकाचा खडा बसवायचा असतो. एक खडा आघात वाढवतो, दुसरा नेम सुधारतो, तिसरा शक्ती पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ कमी करतो, चौथा दम वाचवतो. एका शक्तीला फार तर सहा कोंदणे. पन्नासाव्या पातळीपर्यंत वाढीव कोंदणे मिळतात सदुसष्ट. आता चोवीस शक्तींना प्रत्येकी पाच वाढीव कोंदणे द्यायची म्हटली तर एकशेवीस हवीत. म्हणजे जवळजवळ निम्मी आशा आधीच सोडून द्यायची आहे. आणि हे खडे विकत घ्यायचे ते पैशाने नव्हे. वीराने शहरात जो शब्द, जे वजन कमावले असेल, ते 'इन्फ्लुअन्स' खर्चून घ्यायचे. ही कल्पना मला फार आवडली. सत्कार्याने मिळवलेले वजन खर्ची घालून पुढचे सत्कार्य करण्याची ताकद आणायची!

आता खरी गंमत या खड्यांच्या तुलनेत आहे. उत्तम प्रतीचा एक साधा खडा मूळ गुणात सुमारे ३३ टक्के भर घालतो, मग तो आघाताचा असो, नेमाचा असो की वेळेचा. कागदावर सगळे सारखे. पण हे सारखेपण कागदापुरतेच आहे.

नेमाचे पाहा. आपल्याच पातळीच्या शत्रूवर वीराचा वार शंभरात पंचाहत्तर वेळा लागतो. नेमाचा एक खडा बसवला की हिशेबाने हे प्रमाण शंभरावर जाते. पण खेळाची वरची मर्यादा पंचाण्णव आहे. एका खड्यात आपण भिंतीला टेकलो. दुसरा खडा आपल्याहून वरचढ शत्रूपुढे कामाला येईल. बरोबरीच्या शत्रूपुढे तो निव्वळ शोभेचा.

वेळेचे पाहा. साठ सेकंदांनी परत येणारी शक्ती एका खड्याने पंचेचाळीस सेकंदांवर येते, दुसऱ्याने छत्तिसांवर, तिसऱ्याने जेमतेम एकतिसांवर. पहिल्याने पंधरा सेकंद वाचवले, दुसऱ्याने नऊ, तिसऱ्याने पाच. किंमत मात्र तिन्ही खड्यांची तीच.

आणि बचावाचे गणित नेमके उलटे. सामान्य शत्रूचा वार आपल्याला शंभरात पन्नास वेळा लागतो. पाच टक्के बचाव मिळवला की पंचेचाळीस वेळा लागेल. मार एक दशांशाने कमी झाला, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ज्याच्यापाशी आधीच चाळीस टक्के बचाव आहे, त्याने आणखी पाच मिळवले की दहाचे पाच होतात. मार एकदम निम्मा! तेच पाच टक्के. एकाला चिल्लर, दुसऱ्याला चिलखत. आणि पंचेचाळिसाच्या पुढे, सामान्य शत्रूपुरते, काहीच नाही, कारण पाच टक्क्यांच्या खाली शत्रूचा नेम जातच नाही.

म्हणून 'सर्वांत चांगला खडा कोणता?' हा प्रश्नच या खेळात अपुरा ठरतो. आपल्यापाशी आधी काय आहे, हे कळल्याखेरीज त्याला उत्तर नाही.

माझी एक भाची हा खेळ खेळते. तिची नायिका डिफेंडर, म्हणजे सोबत्यांच्या जखमा भरून काढणारी. जखम भरण्याच्या शक्तीत तीन खडे उपचाराचे घालावेत की तीन वेळेचे, असा पेच तिने एका रविवारी जेवणानंतर माझ्यापुढे टाकला. आम्ही कागदावर मांडून पाहिले. मूळ शक्ती साठ सेकंदांनी शंभर गुण भरते असे धरू. उपचाराचे तीन खडे घातले तर दर साठ सेकंदांना १९५ गुण. वेळेचे तीन घातले तर सुमारे एकतीस सेकंदांना शंभर. शक्ती वापरायला लागणारा क्षणभर वेळ सोडला तर मिनिटाचा हिशेब दोन्हीकडे तंतोतंत एकच! मग फरक कुठे? भाची म्हणाली, "मामा, तुम्ही मिनिट मोजताय. माणसं मिनिटात पडत नाहीत, एका फटक्यात पडतात." सोबत्याने साठच गुण गमावले असतील तर १९५ मधले १३५ वाया, तिथे लहान पण लवकर येणारा उपचार हवा. पण एकाच तडाख्यात दीडशे गमावणारा सोबती असेल तर शंभर गुणांची वेळेवर आलेली मदतही अपुरी. शिवाय दुप्पट वेळा शक्ती वापरायची तर दमही दुप्पट लागणार. तेव्हा निवड आकड्यांनी होत नाही. आपण कुणाबरोबर लढतो, त्यांना कसला मार बसतो, यावरून ती करावी लागते. आकडे आपल्याला त्या प्रश्नाच्या दारापर्यंत आणून सोडतात. हे काम खतावणीचे नाही. आपल्या माणसांकडे नीट पाहण्याचे आहे.

या खेळाच्या चरित्रात २००५ हे वर्ष महत्त्वाचे. तोवर एकाच जातीचे सहा खडे भरण्याला कसलीच आडकाठी नव्हती. आघाताचे सहा घातले की आघात मूळच्या तिप्पट. स्वाभाविकच बहुतेक वीर एकाच साच्यातून निघू लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कर्त्यांनी नवा नियम आणला. पहिले दोन खडे पूर्ण काम करतील, तिसऱ्याला थोडी कात्री लागेल, आणि त्यापुढच्या खड्याचा पंधरा टक्केच अंश लागू होईल. तीन खड्यांची भर ९५ टक्के, सहांची फक्त ११०. चौथ्या, पाचव्या, सहाव्या खड्याने मिळून घातलेली भर ती पंधराची.

आपल्या घरातली माउली हा नियम न शिकता जाणते. चकलीच्या पिठाला कडकडीत तेलाचे मोहन घातले की चकली खुसखुशीत होते. दुप्पट खुसखुशीत व्हावी म्हणून दुप्पट मोहन घातले तर ती कढईत विरघळते. तिथे मोहन वाढवून भागत नाही. तिखट, ओवा, तीळ यांच्याकडे वळावे लागते. नव्या नियमाने खेळाडूंना असेच वळवले. वरच्या उदाहरणातली शक्ती पाहा. सहाही खडे उपचाराचे घातले तर मिनिटाची भरपाई मूळच्या २.१ पट, तीन उपचाराचे आणि तीन वेळेचे घातले तर ३.८ पट.

खेळाडू खवळले. दीड वर्ष खपून घडवलेला वीर एका रात्रीत दुबळा झाला, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. लेखकाने कादंबरी छापून विकल्यानंतर वाचकाच्या कपाटातल्या प्रतीत खाडाखोड करावी, तसे हे झाले. माझ्या मते नियम योग्य होता आणि वेळ चुकली होती. मर्यादा आरंभीच सांगितली तर तिच्यातून युक्ती सुचते. मागाहून सांगितली तर ती शिक्षा वाटते. तरीही कृती म्हणून खेळ या एका कात्रीने सुधारला, याविषयी मला शंका नाही.

२००७ च्या मे महिन्यात आलेल्या सुधारणेविषयी मात्र मी इतका निःशंक नाही. तेव्हा खड्यांचे संच आले. एकाच संचातले दोन, तीन, चार खडे एका शक्तीत बसवले की त्या शक्तीपलीकडे सबंध वीरालाच काहीतरी लाभ व्हायचा. कल्पना श्रीमंत आहे आणि तिने तुलनेला नवी खोली दिली, हे मान्य. परंतु तिच्यातून एक विचित्र प्रथा निघाली. 'लक ऑफ द गॅम्बलर' नावाच्या संचात एक खडा असा आहे की तो बसवल्याबरोबर वीराच्या सर्व शक्ती साडेसात टक्के लवकर परतू लागतात. असे पाचच मोजले जातात. पाचांचे मिळून साडेसदतीस टक्के. पण हा खडा बचावाच्या शक्तीतच बसतो. मग काय? लोक बचावाची एखादी फुटकळ शक्ती घेतात, तिच्या एकुलत्या कोंदणात तो खडा अडकवतात, आणि ती शक्ती जन्मात चालवत नाहीत. म्हणजे शक्ती ही शक्ती राहिली नाही, दागिना टांगायची खुंटी झाली. अग्नी फेकणारा वीर घ्या की मन वळवणारा, पन्नासाव्या पातळीला पोचेपर्यंत दोघांच्या अंगावर त्याच पाच खुंट्या. २००५ साली ज्या एकसाचीपणाला दारातून हाकलले, तो दोन वर्षांनी खिडकीतून आत आला, आणि या वेळी उंची पोशाख करून आला.

जुन्या रचनेत आणखी एक शहाणपण होते. कोंदण एकदा एका शक्तीला दिले की सहजासहजी परत घेता येत नसे. सगळी मांडणी मोडून नव्याने करायची तर त्याचा ठरलेला मार्ग म्हणजे काही सोबती जमवून टेरा व्होल्टा येथील अणुभट्टीचे शत्रूपासून रक्षण करणे. स्वतःला बदलायचे असेल तर आधी चारचौघांबरोबर शहराच्या उपयोगी पडून दाखवा! नियमपुस्तकातली ही अट मला एखाद्या चांगल्या कथेतल्या प्रसंगासारखी वाटते. पुढे फेरमांडणी सोपी होत गेली. त्यात सोय झाली खरी, पण निवडीचे वजन उतरले. पाहिजे तेव्हा मोडता येणाऱ्या निवडीसाठी कुणी रविवारची दुपार घालवत नाही.

३१ ऑगस्ट २०१२ रोजी खेळ बंद करण्याची घोषणा झाली आणि ३० नोव्हेंबरला तो बंद झाला. सदुसष्ट कोंदणे, त्यातले निवडून बसवलेले खडे, सगळे एका क्षणात गेले. एप्रिल २०१९ मध्ये उघड झाले की काही खेळाडूंनी तो गुपचूप चालू ठेवला होता. मग 'होमकमिंग' या नावाने तो सर्वांसाठी खुला झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने त्या मंडळींना रीतसर परवाना दिला. तिथे परतलेल्यांना आपले जुने वीर मिळाले नाहीत. पुन्हा पहिली पातळी, पुन्हा एकच कोंदण. तरी लोक आले, आणि आल्या आल्या त्याच जुन्या वादाला बसले, आघात की नेम, उपचार की वेळ.

नुसते सामर्थ्य हवे असते तर सात वर्षांत त्यांना दुसरे शंभर खेळ सापडले असते. त्यांना हवी होती ती निवडण्याची बैठक. म्हणून त्या विचारणाऱ्या वडिलांना माझे एवढेच सांगणे आहे. या सुट्टीत फराळाची बशी घेऊन मुलाच्या शेजारी जाऊन बसा आणि सहावे कोंदण कोणत्या शक्तीला दिले, कशासाठी दिले, एवढे विचारा. उत्तर ऐकायला अर्धा तास हाताशी ठेवा.