शासकीय नोंदींची मुक्तता : एका धोरणाचे मालाडच्या संदर्भात परीक्षण

भारत सरकारने मार्च २०१२ मध्ये अधिसूचित केलेले राष्ट्रीय आधारसामग्री सहभाजन व सुगम्यता धोरण हे शासकीय लेखनात विरळा आढळणाऱ्या स्पष्टतेने लिहिलेले आहे. सार्वजनिक पैशातून गोळा केलेली माहिती जनतेला उपलब्ध करून दिली, तरच तिचे खरे मोल पदरात पडते, हे तत्त्व त्याच्या आरंभीच येते. माहितीचे खुली, नोंदणीनंतर मिळणारी व निर्बंधित असे तीन वर्ग त्यात केले आहेत. प्रत्येक मंत्रालयाने तीन महिन्यांच्या आत किमान पाच मोलाचे माहितीसंच प्रसिद्ध करावेत, असा दंडकही घालून दिला आहे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात या कामासाठी स्वतंत्र शासकीय संकेतस्थळही सुरू झाले. धोरणाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परीक्षण करावयाचे आहे ते त्यातील लाभाच्या कल्पनेचे.

धोरणाने लाभ मोजले आहेत ते असे : माहितीचा जास्तीत जास्त उपयोग, एकच काम दोनदा होण्याचे टळणे, निरनिराळ्या खात्यांच्या माहितीची जुळणी, मालकीची स्पष्टता, निर्णयांत सुधारणा आणि सर्वांना समान संधी. यादी वाजवी आहे. तथापि तिच्यात एक मोठी उणीव राहून गेली आहे. माहिती कचेरीत तयार होते व तेथून बाहेर जाते, बाहेरून आत मात्र काही येत नाही, असे गृहीत धरून ती रचलेली दिसते. वाचणाऱ्याच्या हातून नोंदच दुरुस्त होणे, हा लाभ या यादीत कोठेही नाही. वस्तुतः सार्वजनिक संस्थांच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ तोच होय, आणि मुंबईच्या अलीकडील इतिहासात त्याचे ढळढळीत प्रत्यंतर मिळते.

बृहन्मुंबई महापालिकेच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कायद्याने तो प्रसिद्ध करणे भागच होते. परंतु या खेपेस त्याचे नकाशे घरबसल्या पाहता येत होते, आणि लोकांनी ते पाहिले. आपल्या गल्लीतून नसलेला रस्ता गेला आहे, उभे असलेले प्रार्थनास्थळ नकाशावर नाही, वारसा म्हणून जपलेली इमारत गायब आहे, अशा चुका ठिकठिकाणी सापडल्या. सूचना व हरकतींची संख्या साठ हजारांच्या वर गेली आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाला तो मसुदा दुरुस्त करण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मे २०१८ मध्ये मंजुरी मिळाली व त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून आराखडा अमलात आला. त्या वेळी या प्रकरणाचे वर्णन महापालिकेची नामुष्की म्हणून झाले. ते अर्धेच खरे आहे. एवढी तपासणी पगारी माणसे लावून करून घ्यावयाची म्हटली असती, तर किती वर्षे व किती खर्च लागला असता, याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही. आपल्या दारासमोरचा रस्ता किती रुंद आहे, हे तेथे राहणाऱ्याइतके अचूक कोणास ठाऊक असणार?

याची उलट बाजू पाहावयाची असेल तर मालाडकडे वळावे लागते. मालाडच्या नोंदींना प्रशासकीय स्थलांतरांचा जुना इतिहास आहे. १९२० पर्यंत हे गाव ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्यात होते; त्या वर्षी मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला तेव्हा ते त्यात आले; आणि १९५७ मध्ये ते बृहन्मुंबईच्या हद्दीत समाविष्ट झाले. आज ते महापालिकेच्या पी उत्तर विभागाचा गाभा आहे. जमिनीची नोंद भूमी अभिलेख खात्याकडे, बांधकामाची परवानगी महापालिकेकडे, खाडी व समुद्रकिनाऱ्यालगतचे निर्बंध केंद्राच्या किनारपट्टी नियमनाखाली, टेकडीचा भाग वन खात्याकडे, अशी येथील एकाच गावठाणाची माहिती चार दफ्तरांत विभागलेली असते.

याच विभागातील मढ, एरंगळ या किनाऱ्यावरच्या गावांत घडलेले बनावट नकाशांचे प्रकरण या दृष्टीने फार उद्बोधक आहे. मुंबईत अनधिकृत बांधकामाला संरक्षण मिळण्यासाठी ते एका ठराविक तारखेपूर्वीचे असल्याचे दाखवावे लागते. निवासी बांधकामासाठी ती तारीख १७ एप्रिल १९६४, तर अनिवासी बांधकामासाठी १ एप्रिल १९६२ ही आहे. जेथे नवे बांधकाम निषिद्ध, तेथे जुने बांधकाम असल्याचा पुरावा सोन्याच्या मोलाचा ठरतो. साहजिकच जुन्या नगरभूमापन नकाशांत फेरफार करून, कधी नव्हतीच अशी घरे त्यांत दाखविण्यात आली, आणि त्या आधारावर रिकाम्या जमिनीवर बंगले उभे राहिले, असा आरोप पुढे आला. २०२४ व २०२५ या वर्षांत विशेष पोलीस तपास पथकाच्या चौकशीमुळे हे प्रकरण गाजले. कोण दोषी, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. येथे प्रश्न आहे तो असा फेरफार शक्य कसा झाला याचा.

त्याचे उत्तर नोंद ठेवण्याच्या पद्धतीतच आहे. ज्या कागदाची मूळ प्रत एकाच कपाटात असते आणि नक्कल मागणाऱ्यालाच काय ती मिळते, त्या कागदाचा खरेपणा कपाटाच्या किल्लीवर अवलंबून राहतो. किल्ली ज्याच्याकडे, त्याच्या प्रामाणिकपणाहून नोंद अधिक प्रामाणिक असू शकत नाही. तोच नकाशा वीस वर्षांपूर्वी सर्वांसाठी प्रसिद्ध झाला असता आणि त्याच्या प्रती वास्तुविशारद, वकील, विद्यापीठे व स्थानिक कोळी समाजाच्या संस्था यांच्याजवळ असत्या, तर कचेरीतील प्रत बदलून काहीच साधले नसते. बदललेली प्रत आणि जुन्या शंभर प्रती यांतील तफावत कोणाही पाहणाऱ्याच्या ध्यानात आली असती. जुन्या ग्रंथांच्या संपादकांना हे तत्त्व अपरिचित नाही. पोथीची एकच प्रत असेल तर प्रक्षिप्त भाग ओळखणे दुर्घट, अनेक प्रती असतील तर पाठभेदातून तो आपोआप उघडा पडतो. पाठचिकित्सेचे शास्त्र ज्या देशात इतक्या परिश्रमाने जोपासले गेले, तेथील भूमापन कचेऱ्यांनी एका प्रतीवर विसंबून राहावे, हे आश्चर्यच म्हणावयाचे.

गुप्ततेचे समर्थन करणारे बहुधा असे म्हणतात की नोंदी खुल्या केल्या की त्यांचा दुरुपयोग होतो. मढच्या प्रकरणात दुरुपयोग झाला तो बंद नोंदींचा. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा या बाबतीत धोरणापेक्षा पुढे गेलेला होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच्या कलम ४ मध्ये दफ्तर सूचीबद्ध ठेवण्याचे कर्तव्य सांगितले आहे, आणि माहिती आपण होऊन इतकी प्रसिद्ध करावी की नागरिकांना अर्ज करण्याची गरजच कमीत कमी पडावी, असा त्याचा आशय आहे. अंमलबजावणीत मात्र अर्ज हाच नियम झाला व प्रसिद्धी हा अपवाद. ज्या कचेऱ्या प्रसिद्ध करतात त्यांपैकी कित्येक छापील कागदाचे छायाचित्र चढवून मोकळ्या होतात. त्यातील आकडा डोळ्यांना दिसतो, पण बेरीज करावयाची झाल्यास पुन्हा हाताने उतरून घ्यावा लागतो.

उद्योजकाचा संबंध येथपर्यंत दूरचा वाटला असेल. तो किती जवळचा आहे, हे मालाडमध्येच चिंचोली बंदरला दिसते. पश्चिमेकडील या भागात शहराची जुनी कचराभूमी होती, आणि त्याच परिसरात पुढे काचेच्या भिंतींची कार्यालये उभी राहिली. परदेशातील ग्राहकांच्या दूरध्वनींना रात्रभर उत्तरे देणारा मालाडचा नवा व्यवसाय येथेच भरभराटला. कचरा कुजताना मिथेनसारखे ज्वालाग्राही व हायड्रोजन सल्फाइडसारखे धातू पोखरणारे वायू निघतात. कचरा टाकणे थांबल्यावरही ही क्रिया वर्षानुवर्षे चालू राहते. संगणकाच्या तांब्याच्या व चांदीच्या बारीक जोडांना हायड्रोजन सल्फाइड विशेष बाधक. येथील यंत्रे अकाली निकामी होत असल्याच्या तक्रारी या शतकाच्या पहिल्या दशकात वृत्तपत्रांतून आल्याही होत्या. भाड्याने जागा घेणाऱ्या लहान उद्योजकाने इमारतीचा दर चौरस फुटाचा भाव, स्थानकापासूनचे अंतर, वीजपुरवठा हे सारे पाहिले, तरी पायाखालची जमीन कशाची आहे हे त्याला कोणत्या दफ्तरातून कळावे? महापालिकेला ते ठाऊक असते, कारण कचरा तिनेच टाकलेला असतो. ही एक नोंद नकाशावर खुली असती, तर कित्येकांनी वातानुकूलनाची व यंत्रांची योजना आधीच निराळी केली असती. येथे खुल्या माहितीने नवा धंदा निर्माण केला असता असे नव्हे. असलेल्या धंद्याचा अनावश्यक तोटा वाचविला असता. उद्योजकांच्या लाभाविषयी बोलताना नवनवीन उपक्रमांची स्वप्ने रंगविली जातात, त्यामुळे हा साधा लाभ नेहमी विसरला जातो.

नवे धंदेही निघतात, नाही असे नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाची सूची क्रमांक दोन शोधण्याची सोय झाल्यापासून दस्तांतील किमती गोळा करून त्यांचे तक्ते विकणारे व्यवसाय उभे राहिले आहेत. कोणत्या नटाने कोणत्या मजल्यावर किती कोटींची सदनिका घेतली, या बातम्यांचा उगमही बव्हंशी तोच. खासगी माहितीच्या रक्षणाचा प्रश्न येथे खरा आहे, परंतु गुंतवळ सुटण्याजोगी आहे : इमारत, मजला, क्षेत्रफळ, तारीख व किंमत खुली ठेवून व्यक्तीचे नाव वगळले, तर बाजाराला हवे ते सारे मिळते.

खुल्या माहितीच्या पुरस्कर्त्यांनी मात्र एक मर्यादा मान्य केली पाहिजे. २ जुलै २०१९ च्या पहाटेपूर्वी मालाड पूर्वेला, कुरार गावाजवळच्या पिंपरीपाडा भागात, महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली व सुमारे ३० माणसे मृत्यू पावली. त्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत सुमारे ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वन खात्याच्या जमिनीवर ही वस्ती आहे, हे सर्वांना ठाऊक होते. तिच्या पुनर्वसनाचा विषय न्यायालयात १९९७ पासून होता. येथे उणीव माहितीची नव्हती, निर्णयाची होती. पाऊस, उतार, भिंत आणि वस्ती या चार गोष्टी एका नकाशावर आणल्या असत्या, तर धोका अधिक स्पष्ट दिसला असता एवढेच. दिसलेल्या धोक्यावर कृती करावयाची की नाही, हे नकाशा ठरवीत नाही. धोरणाच्या यादीतील ‘निर्णयांत सुधारणा’ हा लाभ आपोआप घडून येणारा म्हणून नोंदला आहे, तो भाबडेपणा म्हटला पाहिजे.

राहता राहिला प्रश्न सातत्याचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत सरकारने खुल्या शासकीय माहितीच्या वापराचा परवाना जाहीर केला. व्यापारी वापरासही मोफत मुभा देणारा हा परवाना उदार आहे. स्रोताचा उल्लेख करावा, इतकीच त्याची मुख्य अपेक्षा. परंतु माहिती पुढेही मिळत राहील किंवा अद्ययावत राहील याची हमी त्यात नाही, आणि ती न मिळाल्यास पुरवठादार खाते जबाबदार धरले जाणार नाही असे कलमच घातलेले आहे. ज्या उद्योजकाने या आकड्यांवर आपला व्यवसाय उभारावयाचा, त्याच्या दृष्टीने हे कलम साऱ्या उदारतेवर पाणी ओतणारे आहे. याउलट स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याने विकासकावर टाकलेले बंधन पाहावे. मालाडमध्ये इमारत बांधणाऱ्याने किती सदनिका विकल्या, कोणत्या परवानग्या मिळाल्या, काम कोठवर आले, हे दर तीन महिन्यांनी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदविले पाहिजे; महाराष्ट्रात ही व्यवस्था मे २०१७ पासून चालू आहे, आणि २०२३ मध्ये अशी माहिती न भरणाऱ्या तीनशेहून अधिक प्रकल्पांची नोंदणी स्थगितही झाली. कायदा व परवाना यांत एका वर्षाचे अंतर आहे. पहिल्याने बांधकाम व्यावसायिकाला त्रैमासिक हिशेब दंडाच्या धाकाने द्यावयास लावला. दुसऱ्याने त्याच्याच शेजारच्या रस्त्याचा, गटाराचा व जमिनीचा हिशेब ठेवणाऱ्या कचेरीला तो वेळेवर देण्यातून मोकळे केले.