गोडोव्स्कींचे जावा

लिओपोल्ड गोडोव्स्की (१८७०–१९३८) हे विल्नाजवळ ज्यू घरात जन्मलेले पियानोवादक. जगभर कार्यक्रम करीत फिरताना ते जावा बेटावर गेले. तेथे पाहिले-ऐकलेले त्यांनी बारा रचनांच्या ‘जावा सुइट’मध्ये मांडले. ही मालिका १९२५ साली प्रसिद्ध झाली.

पहिली रचना ‘गॅमेलान’, म्हणजे जावातील कांस्याच्या घंटा-थाळ्यांचा ताफा. त्याचे सूर पियानोच्या पट्ट्यांत नेमके सापडत नाहीत. आपण कीर्तनात पेटी ऐकतो. गळ्यातली मींड तिच्यात येत नाही, तसेच हे. गोडोव्स्की ती उणीव सुरांची दाटी करून भरू पाहतात. बोटांचे कौतुक वाटते, पण कान थकतात. माकडांच्या बडबडीवरची रचनाही गमतीची आहे, एवढेच.

आठवी रचना ‘बॉयटेनझॉर्गची बाग’ मात्र मनात राहते. बॉयटेनझॉर्ग म्हणजे आजचे बोगोर. तेथील वनस्पती-उद्यान प्रसिद्ध आहे. येथे कसली नक्कल नाही. संथ, उदास चाल आहे, फुलांचा वास यावा आणि दूरचे काही आठवावे अशी. परक्या बागेत उभ्या असलेल्या माणसाची हुरहूर तिच्यात आहे. कोकण, मुंबई सोडून येथे आलेल्या आपल्याला ती कोणी समजावून सांगायला नको.

प्रवासी संगीतकार दुसऱ्याचा आवाज काढू लागला की उसना वाटतो. स्वतःच्या मनाचे सांगू लागला की खरा वाटतो. म्हणून बाराही रचना एका बैठकीत ऐकू नका. आठवीपासून सुरुवात करा.