ऑक्काटरच्या क्षारांची साक्ष

'शीतज्वालामुखी' हा शब्द अलीकडील ग्रहविज्ञानात इतक्या सैलपणे योजिला जातो की, हिममय गोलावर पांढरा क्षार दिसताच त्यामागे उद्रेक गृहीत धरण्याचा प्रघात पडू पाहत आहे. (ज्वालेचा मागमूस नसलेल्या क्रियेस 'ज्वालामुखी' म्हणावे काय, हा प्रश्न तूर्त परिभाषाकारांवर सोपवू.) सेरेस या बटुग्रहावरील ऑक्काटर विवराचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

डॉन यान मार्च २०१५ मध्ये सेरेसच्या कक्षेत शिरले. ९२ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील उजळ डाग प्रारंभी मॅग्नेशियम सल्फेटचे मानले गेले. २०१६ मध्ये डी सँक्टिस व सहकारी यांनी अवरक्त वर्णपटाच्या आधारे तेथे सोडियम कार्बोनेट असल्याचे दाखविले आणि तो तर्क मागे पडला. येथवर वाद नाही. परंतु या क्षारावरून सिद्ध होते ते इतकेच की, तेथे खारे पाणी होते व ते नाहीसे झाले. ते वर कसे आले, हे क्षार सांगत नाही. आपल्या लोणारच्या काठीही सोडियम कार्बोनेटयुक्त क्षार साठतात. तेही आघातविवरच होय. पण तेथील क्षार केवळ पाणी आटून बनतात.

आघाताच्या उष्णतेनेच ऑक्काटरमधील बर्फ वितळले असेल, हा पक्ष म्हणूनच सहजी डावलता येत नाही. त्यास खरा अडसर कालगणनेचा आहे. विवर सुमारे २ कोटी वर्षांचे, तर मध्यवर्ती निक्षेप त्याहून पुष्कळच अलीकडचे, काही तर सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचे. आघाताने वितळलेले पाणी इतका काळ द्रवरूप टिकणे कठीण. त्यात २०२० मध्ये तेथे हायड्रोहॅलाइट, म्हणजे जलयुक्त मीठ, आढळले. निर्वात पृष्ठावर त्यातील पाणी लवकरच उडून जाते. तरीही ते शिल्लक आहे. येथे निर्णायक ठरते ती क्षाराची जात नव्हे, त्याचा नाशवंतपणा. गुरुत्वमापनावरून सुमारे ४० किलोमीटर खोलीवर खाऱ्या द्रावणाचा साठा असावा, असे अनुमान निघते. ते याच्याशी जुळते.

एवढ्यावरून द्रावण खोलातून आले, हे मान्य करावे लागते. ते उसळून आले की भेगांतून पाझरले, हे मात्र नव्हे. मध्यवर्ती डागापुरता प्रस्तुत लेखकास 'पाझर' हाच शब्द पुराव्याला धरून वाटतो. शीतज्वालामुखी हे नाव अहुना मॉन्सला अधिक शोभते. सुमारे ४ किलोमीटर उंचीचा, उभ्या उतारांचा हा एकाकी डोंगर आहे. त्याच्या उतारांवरही सोडियम कार्बोनेट सापडले आहे; तथापि तेथे मुख्य साक्ष डोंगराच्या आकाराची आहे, क्षाराची दुय्यम.