‘आता’ या शब्दाचे वय : जुन्या पॉपगीतांच्या एका महोत्सवाविषयी

१

ज्या कलाकृतींवर आपण वर्षानुवर्षे प्रेम केले त्यांचे परीक्षण करण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी ‘निजसुखादिविवशीभाव’ हे विघ्न म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणे. समोर रंगभूमीवर काय चालले आहे याकडे अशा प्रेक्षकाचे लक्ष नसते. तो मनातल्या मनात आपलेच काहीतरी पाहत बसलेला असतो. या कसोटीने पाहता, १९८० नंतरच्या दशकातील इंग्रजी पॉपगीतांच्या स्मरणार्थ भरणारे महोत्सव म्हणजे या विघ्नाचे जाहीर उत्सवच ठरतील. तेथे जमणारा श्रोता गीत ऐकावयास येत नसून स्वतःचे सतरावे वर्ष ऐकावयास येतो, असा आक्षेप घेता येतो. सायमन रेनल्ड्स यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रेट्रोमेनिया’ या ग्रंथात, पॉपसंस्कृती आपल्याच नजीकच्या भूतकाळावर उपजीविका करू लागली आहे, असे सविस्तर प्रतिपादन केले आहे.

प्रस्तुत लेखक या गीतांचा जुना चाहता आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातील हेन्ली-ऑन-थेम्स येथील ‘रिवाइंड’ महोत्सवास तो त्याच नात्याने गेला होता. परंतु त्याच्या आठवणी हा या लेखाचा विषय नव्हे. महोत्सवात म्हटल्या जाणाऱ्या गीताचे भाषिक स्वरूप मूळ ध्वनिमुद्रित गीताहून निराळे असते काय, आणि असल्यास त्या निराळेपणातून प्रयोगाच्या बऱ्यावाईटाचा काही निकष हाती लागतो काय, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

२

हेन्ली येथील टेंपल आयलंड मेडोज या नदीकाठच्या कुरणावर हा महोत्सव २००९ साली प्रथम भरला. पुढे स्कॉटलंडात स्कोन राजवाड्याच्या आवारात आणि चेशर परगण्यातही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. ज्या बेटावरून कुरणाला नाव पडले त्यावर जेम्स वायट या वास्तुशिल्पज्ञाने १७७१ साली उभारलेली, प्राचीन देवळाचा आभास निर्माण करणारी एक लहानशी इमारत आहे. गतकाळाचा देखावा मांडून त्याच्या सावलीत सुटीचा दिवस घालविण्याची हौस या जागेला पॉपसंगीताच्याही दोनशे वर्षे आधीपासून ठाऊक आहे.

महोत्सवाची रचना थोडक्यात अशी. एकामागून एक गायक मंचावर येतात; बहुतेकांच्या वाट्याला अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा वेळ येतो, आणि त्यांपैकी अनेकांना एकच वाद्यवृंद साथ करतो. या वेळात गायकाने आपली गाजलेली गीतेच म्हणावयाची असतात. त्याने गेल्या वर्षी काय रचले याची चौकशी कोणी करीत नाही. श्रोत्यांत पन्नाशी-साठीचे लोक अधिक. झगझगीत रंगांचे कपडे, पोटऱ्यांवर लोकरी पट्टे आणि डोक्यावर कृत्रिम केस लावून ते येतात व सगळी गीते प्रारंभापासून शेवटपर्यंत म्हणतात.

मराठी चाहत्याची स्थिती या जनसमुदायात काहीशी विचित्र असते. ज्या नृत्यगृहांची व शाळांच्या वार्षिक संमेलनांची ओढ भोवतालच्या माणसांना वाटते, ती त्याने पाहिलेलीही नसतात. त्याच्यापर्यंत ही गीते कॅसेटवरून, आणि १९९१ नंतर उपग्रहवाहिन्यांवरून, मूळ काळ लोटल्यावर पोहोचली. जे अनुभवलेच नाही त्याची हुरहूर वाटते कशी? याचे उत्तर कालिदासाच्या पाचव्या अंकाजवळ सापडते. हंसपदिकेचे गाणे कानी पडताच दुष्यंत अस्वस्थ होतो, पण कशाने ते त्याला उमगत नाही. या प्रसंगातील श्लोकाची चर्चा करताना अभिनवगुप्त म्हणतो की येथील स्मृती ही तार्किकांच्या शास्त्रातील स्मृती नव्हे. तार्किकांची स्मृती पूर्वानुभवाच्या आधारानेच उभी राहते; ही हुरहूर अशा अनुभवाची वाट पाहत नाही. गीत ही अवस्था निर्माण करू शकते, एवढे मान्य केले म्हणजे महोत्सवातील श्रोता केवळ स्वतःची दैनंदिनी चाळीत असतो हा आक्षेप पूर्णपणे टिकत नाही.

३

आता भाषेच्या अंगाने विचार करू. ‘मी’, ‘तू’, ‘येथे’, ‘आता’ हे शब्द असे आहेत की त्यांचा निर्देश उच्चाराच्या प्रसंगाबरोबर बदलतो. बेन्व्हेनिस्त यांनी १९५६ साली सर्वनामांविषयी लिहिताना, आणि याकोबसन यांनी १९५७ साली रशियन क्रियापदाच्या विवेचनात, या शब्दवर्गाचे महत्त्व विशद केले. ‘मी’ म्हणजे जो कोणी या क्षणी ‘मी’ म्हणतो तो; याहून अधिक अर्थ त्या शब्दाला नाही. प्रेमगीतांचा सारा डोलारा याच शब्दांवर उभा असतो, म्हणून त्यांच्या पुनरुच्चाराचा प्रश्न भाषाशास्त्राच्या दृष्टीने मनोरंजक ठरतो.

उदाहरणादाखल ह्यूमन लीग या शेफील्डच्या वृंदाचे ‘डोंट यू वाँट मी’ हे गीत घ्यावे. १९८१ च्या अखेरीस ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ‘डेअर’ या संग्रहात ते सर्वांत शेवटी ठेवलेले होते, आणि ते स्वतंत्रपणे प्रकाशित करण्यास गायक फिलिप ओकी अनुकूल नव्हता, हे प्रसिद्धच आहे. गीत दोन निवेदकांचे आहे. पुरुष म्हणतो की, तुला मी शोधले, मी घडविले, आणि आता तू मला सोडून चाललीस. दुसऱ्या कडव्यात स्त्री त्याच घटनांची निराळी हकीकत सांगते : बरोबरीची पाच वर्षे सुखाची गेली खरी, पण मी तुझ्यावाचूनही वर आलेच असते. ध्रुवपद प्रश्नार्थक असून त्याला उत्तर मिळत नाही. स्त्रीचा भाग गाणारी सुझन सली ही १९८० साली शाळकरी वयात, एका नृत्यगृहात ओकीच्या दृष्टीस पडून वृंदात आली होती. गीतातील पुरुषाचा दावा आणि वृंदाचा इतिहास यांतील हे साम्य श्रोत्यांच्या ध्यानात येतेच.

१९८१ साली गीतातील ‘पाच वर्षे’ हा काळ दीर्घ वाटत असे. अठराएक वर्षांच्या मुलीच्या तोंडी तर तो जवळजवळ अर्धे आयुष्य वाटावा. पुढे हीच दोघे हे गीत चार दशके एकत्र म्हणत आली. आज त्यांच्या तोंडून ते ऐकताना शब्द तेच असतात, परंतु उच्चाराचा प्रसंग बदललेला असल्यामुळे ‘आता’ या शब्दाला वय प्राप्त झालेले असते. तुझ्यावाचूनही माझे चालले असते, असे चाळीस वर्षे बरोबर राहूनच ती स्त्री म्हणत असते. संहितेत नसलेला हा विरोध केवळ पुनरुच्चारातून उत्पन्न होतो.

दुसरा बदल ‘मी’ या शब्दाचा. कुरणावर पुरुषाचे कडवे पुरुष म्हणतात, स्त्रीचे स्त्रिया. सहस्रावधी कंठ एकाच वेळी ‘मी’ म्हणतात तेव्हा त्या एकवचनाचे काय होते? मराठीत अशा जागी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावी लागते. श्रोत्याला वगळावयाचे की सामील करून घ्यावयाचे हे आपल्या व्याकरणाला ठरवावे लागते. इंग्रजीत ती सक्ती नाही. त्यामुळे दोन गीतांच्या मध्ये गायक बहुवचनी सर्वनाम वापरतो तेव्हा ते वृंदापुरते की समोरच्या समुदायालाही धरून, हे अनिश्चित राहते. एकत्र गायनात मात्र हा संदेह फिटतो : व्याकरणातील ‘मी’ व्यवहारात ‘आपण’ होतो. ज्याला साधारणीकरण म्हणतात त्याच्या जवळ जाणारी ही अवस्था आहे. प्रत्येकजण खाजगी आठवण घेऊन येतो, आणि गीताच्या सर्वनामात ती इतरांच्या आठवणींबरोबर ठेवल्याने तिचा खाजगीपणा काही अंशी गळून पडतो.

४

उच्चारणाकडेही लक्ष दिले पाहिजे. पीटर ट्रडगिल यांनी १९८३ साली ब्रिटिश पॉपगायकांच्या उच्चारांची चिकित्सा केली. बोलताना ज्यांच्या तोंडी अमेरिकी वळण मुळीच नाही असे गायक गाताना अमेरिकी स्वर व व्यंजने का धारण करतात, हा त्यांचा प्रश्न होता. ज्या समाजात ही कला जन्मली त्याच्याशी तादात्म्य दाखविण्याची ही धडपड आहे, असे उत्तर त्यांनी दिले. बीटल्स वृंदाच्या ध्वनिमुद्रिकांत हे अनुकरण वर्षागणिक ओसरत गेले आणि १९७६ नंतरच्या नव्या वृंदांनी दक्षिण इंग्लंडच्या श्रमिकांची बोली गीतात आणली, हेही त्यांनी दाखविले. प्रोक्लेमर्स या स्कॉटिश जुळ्या बंधूंनी तर १९८७ च्या पहिल्याच संग्रहात स्वतःच्या उच्चारालाच गीताचा विषय केले.

महोत्सवाच्या मंचावर या अभ्यासाला एक नवी बाजू दिसते. गीतातील उच्चार विशीतल्या निवडीबरोबर गोठलेले असतात. गीतांमधले बोलणे मात्र आजचे असते. सांधेदुखी, नातवंडे, दिवंगत सहकारी यांविषयी गायक सहज, घरच्या बोलीत दोन वाक्ये बोलतो आणि लगेच दुसऱ्या वळणाने गाऊ लागतो. बोलण्यातील ‘आता’ आजचा, गाण्यातील ‘आता’ १९८२ चा. दोहोंमधील उंबरठा तो दर चार मिनिटांनी ओलांडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या मंचावरील खरे नाट्य त्या उंबरठ्यावर घडते.

५

येथे मूल्यमापनाचा प्रश्न उपस्थित होतो. थिओडोर ग्रेसिक यांनी १९९६ साली मांडलेले मत असे की रॉकसंगीतात ध्वनिमुद्रण हीच मूळ कलाकृती होय. सिंथेसायझरवर आधारलेल्या पॉपसंगीतास हे मत विशेष लागू पडते. ‘डेअर’ची निर्मिती मार्टिन रशेंट यांनी हेन्लीपासून फार दूर नसलेल्या रेडिंग परिसरातील स्टुडिओत केली, तीत तालाचे काम लिन ड्रम मशीनकडे होते. त्या यंत्राचा ठोका आजही जसाच्या तसा निघतो. यंत्राला वय नाही, कंठाला आहे. वयोमानाने वरच्या स्वरांवरची हुकमत कमी होते, आणि ज्याला आपल्याकडे पट्टी उतरविणे म्हणतात ते करणे प्राप्त होते.

ही अडचण निभावण्याच्या दोन रीती हेन्लीच्या मंचावर दिसल्या. पहिली झाकण्याची : अवघड जागी ध्वनिक्षेपक समुदायापुढे धरावयाचा, वरची ओळ साथीदारांनी म्हणावयाची, आणि तेवढ्यात गायकाने टाळ्या वाजवावयाच्या. दुसरी मान्य करण्याची : पट्टी खाली आणून, क्वचित लय किंचित धीमी करून, पूर्वी ओरडून म्हटलेली ओळ बोलल्यासारखी म्हणावयाची. पहिल्या रीतीने समुदाय अधिक खूष होतो, आणि चाहता म्हणून प्रस्तुत लेखकाचा आनंदही तेथे काही कमी नव्हता. परंतु गीत नव्याने ऐकू येते ते दुसऱ्या रीतीनेच. तरुण आवाजातील तक्रार जुन्या आवाजात विचारपूस होते. आव्हान असते तेथे समजूत येते.

आपल्या संगीत रंगभूमीवरील ‘वन्समोअर’ची प्रथा येथे तुलनेस घेण्याजोगी आहे. तेही पुनरुक्तीचेच मागणे. पण बालगंधर्वांसारख्या गायकनटाकडे तेच पद पुन्हा मागताना रसिकांना तीच बरहुकूम प्रत नको असे. या खेपेस तो कोणत्या जागा घेतो, ही उत्सुकता त्या मागण्यात असे. पद ठरलेले, गायकी मोकळी. पॉप महोत्सवातील श्रोता याच्या उलट मागणी करतो. मूळ ध्वनिमुद्रिकेशी शंभर टक्के मिळतेजुळते, तेच आघात, तेच विराम, हे त्याचे माप. या मापामुळे गायक स्वतःच्याच तरुण आवाजाचा नक्कलकार होतो. या महोत्सवांतील खरे वैगुण्य हेच होय. जुने गीत म्हणणे हा दोष नव्हे. ते म्हणणाऱ्याला आजच्या आवाजात बोलण्याची मुभा न देणे हा दोष आहे.

६

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष शब्दांच्या इतिहासाच्या आधारे मांडता येईल. योहानेस होफर या वैद्याने १६८८ साली बाझेल येथील आपल्या प्रबंधात घरच्या ओढीने येणाऱ्या आजारासाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडविला. त्यातील पहिल्या ग्रीक घटकाचा अर्थ परतणे, दुसऱ्याचा वेदना. आपण त्यासाठी ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ केला. त्यात वेदना नाही, रंजन आहे. महोत्सवाचे आयोजन पाहता आपला शब्द अधिक यथार्थ म्हणावा लागेल. वेदनेची सोय कार्यक्रमपत्रिकेत केलेली नसते. तथापि पट्टी उतरवून म्हटलेल्या एखाद्या गीतात ती अनाहूतपणे येते, आणि रंजनाचे रूपांतर काव्यात होते ते तेव्हाच.

तेव्हा चाहता व सहृदय यांतील अंतर भक्तीच्या मात्रेने मोजणे योग्य होणार नाही. गीत पूर्वीसारखेच आहे काय, हे चाहता तपासतो. तेच शब्द आज कोण, कोणत्या वयात, कोणाला उद्देशून उच्चारीत आहे, हे सहृदय ऐकतो. एकाच माणसाला एकाच दुपारी हे दोन्ही व्यापार करता येतात. हेन्लीच्या कुरणावर मोठ्याने गात असलेल्या श्रोत्यांपैकी अनेकजण ते करीत होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. लोकप्रिय गीताच्या अभ्यासकाने संहिता आणि ध्वनिमुद्रिका यांबरोबरच अशा पुनरुच्चाराच्या प्रसंगांचीही नोंद ठेवावी. गीताचे अर्थ तेथे वाढत असतात, आणि त्यांची लिखित प्रत कोठेही मिळत नाही.